तारा पुस्तकाला, की माणसाला?

(तरुण वाचकांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीला एक प्रश्न विचारते, हात वर करून उत्तर द्या. गेल्या वर्षभरात मोबाईलवर एखाद्या पुस्तकाला स्टार दिलेत असे किती जण आहेत? बरेच हात आहेत, छान. आता हात तसेच राहू द्या आणि दुसरा प्रश्न ऐका. शेवटच्या पुस्तकाला तुम्ही चार तारे दिले असतील, तर चारच का दिले, तीन का नाही, पाच का नाही, हे ज्यांना सांगता येईल त्यांनीच हात वर ठेवा.

बघा, किती हात खाली आले! लाजू नका. काही वर्षांपूर्वी माझाही हात खाली आला असता. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. आपण पुस्तकाला तारे देतो ते कशावरून ठरवतो? आणि तो तारा खरंच पुस्तकाला जातो का?

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात बावीस वर्षं काम केलं. पुस्तकं देणं, परत घेणं, फाटलेली चिकटवणं, वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागणं, हे माझं काम. मोबाईलवरचे तारे माझ्या आयुष्यात फार उशिरा आले. पण वाचक पुस्तकाला आपलं रेटिंग देतातच, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

पेन्सिलचे शेरे

आमच्याकडे पुस्तकावर लिहायला सक्त मनाई होती. भिंतीवर तशी पाटीही होती. तरी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहिलेले शेरे असायचेच. ‘छान’, ‘अवश्य वाचा’, ‘बोअर’, ‘शेवट पटला नाही’. एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर लिहिलं होतं ‘अप्रतिम’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘काय अप्रतिम?’ आणि त्याखाली तिसऱ्या अक्षरात ‘आधी वाच, मग बोल’. हे सगळं खोडरबरने पुसणं माझं काम होतं. पण पुसण्याआधी मी ते वाचून घ्यायचे.

दुसरं एक रेटिंग होतं, ते कुणी मुद्दाम देत नव्हतं. पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. प्रत्येक वेळी पुस्तक बाहेर गेलं की तिच्यावर शिक्का पडतो. काही पुस्तकांची चिठ्ठी वर्षात दोनदा बदलावी लागायची. काहींच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत तीन शिक्के. मला वाटायचं, हेच खरं रेटिंग. मग एकदा लक्षात आलं की शिक्का सांगतो ते पुस्तक किती जणांनी नेलं. त्यांपैकी किती जणांनी वाचलं, आणि वाचून कुणाला काय वाटलं, हे शिक्क्याला माहीत नसतं. त्या बाबतीत पेन्सिलचा शेरा जास्त प्रामाणिक होता. तो लिहिणाऱ्याने निदान शेवटच्या पानापर्यंत मजल मारलेली असायची, असं आपलं मी धरून चालत होते!

तारा आला कुठून?

ताऱ्यांची पद्धत पुस्तकांसाठी निघालेली नाही. ती आली प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांतून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारियाना स्टार्क नावाच्या इंग्रज बाईने युरोपच्या प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं लिहिली. कुठलं चित्र, कुठलं शिल्प चुकवू नये हे दाखवायला ती त्याच्यापुढे उद्गारचिन्हं टाकायची. जितकं मोलाचं, तितकी जास्त चिन्हं. पुढे १८४०च्या दशकात जर्मनीतल्या बेडेकर प्रकाशनाने आपल्या मार्गदर्शकांत तारे वापरले. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने १९२६ पासून उत्तम उपाहारगृहांना तारा द्यायला सुरुवात केली. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या वर्तमानपत्रात सिनेमाच्या परीक्षणाला तारे लागले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत सिनेमाला तीन-साडेतीन तारे छापून येतात, त्याचं मूळ तिकडे आहे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. तारा देणारा एक माणूस किंवा एक संस्था होती आणि तिची मोजपट्टी एकच होती. वाचकाला ती हळूहळू ओळखीची व्हायची. ‘या परीक्षकाने दोन दिलेत म्हणजे आपल्याला आवडणार,’ असंही लोक म्हणायचे.

मग इंटरनेट आलं. ॲमेझॉनसारख्या दुकानांनी ग्राहकाला तारे द्यायला सांगितलं. २००७ मध्ये फक्त वाचकांसाठी ‘गुडरीड्स’ सुरू झालं, २०१३ मध्ये तेही ॲमेझॉनने विकत घेतलं. तारा प्रत्येकाच्या हातात आला, ही चांगलीच गोष्ट झाली. आमच्या तालुक्यातल्या वाचकाचं मत पूर्वी कोण विचारत होतं? पण तारा सगळ्यांना मिळाला आणि मोजपट्टी मात्र ज्याची त्याची राहिली.

साधं उदाहरण घ्या. गुडरीड्सवर ताऱ्यांचे अर्थ दिलेले आहेत. एक म्हणजे आवडलं नाही. दोन म्हणजे ठीक. तीन म्हणजे आवडलं. चार म्हणजे खूप आवडलं. पाच म्हणजे अफलातून. नीट ऐका, तिथे तीन म्हणजे ‘आवडलं’. आता आपल्या डोक्यात काय असतं? रिक्षा, जेवणाचं पार्सल, चार्जर, सगळ्यांना रेटिंग देऊन आपल्याला सवय लागली आहे की पाच म्हणजे ‘तक्रार नाही’ आणि तीन म्हणजे ‘काहीतरी बिनसलं’. त्यामुळे एखाद्या मुलीने प्रामाणिकपणे ‘आवडलं’ म्हणून तीन दिले, तर लेखकाला वाटतं तिने आपला अपमान केला. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

तारा नेमका कशाला जातो?

आता तारे देताना आपल्या मनात काय काय शिरतं, ते पाहू.

पहिलं, पुस्तकाशी संबंध नसलेल्या गोष्टी. ऑनलाइन दुकानांत मराठी पुस्तकांखालचे रिव्ह्यू सवडीने वाचून बघा. ‘कव्हर दुमडलेलं आलं’, एक तारा. ‘वेळेत मिळालं, पॅकिंग मस्त’, पाच तारे. पुस्तकात काय आहे याचा पत्ता नाही. कुरिअरवाल्याचा राग लेखकावर निघतो आणि कुरिअरवाल्याचं कौतुकही लेखकाच्याच खात्यात जमा होतं.

दुसरं, अपेक्षा. यावर बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या दोन संशोधकांचा २०१४ मधला अभ्यास आहे. त्यांनी ६४ इंग्रजी पुस्तकांवरची गुडरीड्सवरची ३८,८१७ परीक्षणं तपासली. काही पुस्तकांना मोठं बक्षीस मिळालेलं, काही त्याच बक्षिसाच्या अंतिम यादीपर्यंत पोचून मागे राहिलेली. बक्षीस मिळाल्यावर तारे वाढले असतील असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात बक्षीस मिळालेल्या पुस्तकांचं रेटिंग बक्षिसानंतर घसरलं, मागे राहिलेल्यांपेक्षा जास्त. कारण सरळ आहे. बक्षिसामुळे अशा वाचकांनीही ते पुस्तक उचललं, ज्यांनी एरवी त्या धाटणीचं पुस्तक हातात घेतलं नसतं. पुस्तकातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, बदलला होता वाचक.

याची उलट बाजूही आहे. पुस्तक नवंकोरं असतं तेव्हा ते आधी कोण घेतं? लेखकाचे चाहते. म्हणून सुरुवातीचे तारे बहुधा जास्त असतात आणि पुढे उतरतात. ॲमेझॉनवरच्या पुस्तकांबाबत २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात हेच दिसलं. तेव्हा पहिल्या आठवड्यातला ४.९ बघून हुरळून जाऊ नका.

तिसरं, आधीच्यांचं मत. हा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तो पुस्तकांवरचा नाही. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर लाखभर प्रतिक्रियांवर तो झाला आणि २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. संशोधकांनी काही प्रतिक्रिया नुसत्या नशिबाने निवडल्या आणि त्यांना सुरुवातीलाच एक खोटं ‘पसंत’ देऊन टाकलं. पुढचा माणूसही पसंतच देण्याची शक्यता तेवढ्याने ३२ टक्क्यांनी वाढली. शेवटी त्या प्रतिक्रियांचा गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरला. एका खोट्या मताने इतका फरक पडतो. आता सांगा, पुस्तकाखाली ४.६ दिसत असताना तुम्हाला ते कंटाळवाणं वाटलं, तर तुम्ही दोन द्याल का? आपण म्हणतो, ‘आपल्यालाच कळलं नसेल,’ आणि गुपचूप चार देऊन मोकळे होतो.

चौथं, लेखक कोण आहे आणि विषय काय आहे. २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेने आपल्या नव्या कादंबरीची घोषणा केली. कथा रशियात घडणारी होती. युक्रेनवरचं युद्ध चालू असताना रशियातली कथा कशाला, म्हणून गुडरीड्सवर शेकडो लोकांनी तिला एक तारा दिला. पुस्तक बाजारात यायला अजून कित्येक महिने होते. म्हणजे ते त्यांच्यापैकी कुणी वाचलेलं असण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी लेखिकेने स्वतःच प्रकाशन थांबवलं. युद्धाबद्दलची लोकांची वेदना खरी होती, मला तिचा आदर आहे. पण ते तारे पुस्तकाचे नव्हते.

आपल्याकडेही असंच चालतं. हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ मधली. त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं १९७० मध्ये, म्हणजे कादंबरी आधीची. वाचनालयात ‘इंधन’चा विषय निघाला की एक जण म्हणायचा, ‘दलवाई? मोठा माणूस, पुस्तक उत्तमच असणार.’ दुसरा म्हणायचा, ‘दलवाई? मग मला वाचायचंच नाही.’ मी दोघांची कार्डं काढून बघितली होती. दोघांनीही पुस्तक कधी नेलेलं नव्हतं! एकाने पाच दिले, एकाने एक दिला, आणि कोकणातल्या एका गावाबद्दलची ती कादंबरी कपाटातच राहिली.

एका ताऱ्याचं वजन

तुम्ही म्हणाल, आपा, एवढं काय त्यात? एका ताऱ्याने काय होतं?

हिशेब करू. समजा एका गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाला दहा हजार जणांनी रेटिंग दिलंय आणि सरासरी आहे ४.५. तुम्ही रागाने एक तारा दिलात. सरासरी ४.५च राहील, कुणाला कळणारही नाही. आता समजा एका मराठी मुलीचं पहिलं पुस्तक आहे. आठ जणांनी रेटिंग दिलंय, चौघांनी पाच, चौघांनी चार. सरासरी तीच, ४.५. तिथे तुम्ही एक तारा दिलात. ३६ अधिक १ म्हणजे ३७, भागिले ९. सरासरी झाली ४.१. दोघांनी दिला तर ३.८. मराठी पुस्तकांना, त्यातही नव्या लेखकांना, तारे देणारे मोजकेच असतात. म्हणून आपला एकेक तारा तिथे फार जड पडतो. शिवाय अमेरिकेत ऑनलाइन पुस्तकविक्रीचा अभ्यास झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की पाच ताऱ्यांच्या रिव्ह्यूने विक्री जितकी वाढते, त्यापेक्षा एका ताऱ्याच्या रिव्ह्यूचा फटका मोठा असतो.

सरासरी आणखी एक गोष्ट लपवते. दहा जणांनी तीन-तीन तारे दिले, सरासरी तीन. दुसऱ्या पुस्तकाला पाच जणांनी पाच दिले आणि पाच जणांनी एक, सरासरी तीनच. पहिलं पुस्तक बेताचं आहे. दुसऱ्या पुस्तकाने लोकांना भांडायला लावलंय. मी असते तर आधी दुसरं उचललं असतं. म्हणून रेटिंग बघताना नुसता आकडा बघू नका, कुणी किती दिले ते उघडून बघा.

माझ्या दोन चुका

आता मी तुम्हाला माझ्या दोन गोष्टी सांगते. दोन्ही सांगायला मला जड जातं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा कवितासंग्रह आला. आपल्या समाजातला मुलगा, गॅरेजमध्ये काम करून लिहायचा. त्याने व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, ‘आपा, पाच स्टार द्या ना.’ मी अकरा पानं वाचली होती. पाच तारे दिले आणि वर लिहिलं, ‘प्रत्येक घरात असावं असं पुस्तक.’ मला वाटलं, आपलंच पोर आहे, आपण नाही उचलायचं तर कोणी?

दोन महिन्यांनी वाचनालयात येणारी एक बारावीची मुलगी माझ्याकडे आली. शिकवण्यांच्या पैशांतून साठवलेल्या दोनशे रुपयांत तिने ते पुस्तक मागवलं होतं, माझा रिव्ह्यू वाचून. तिने विचारलं, ‘आपा, तुम्हाला यातली कुठली कविता आवडली? मला सांगा ना, मला कळत नाहीये.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले, काम असल्याचं सांगून आत गेले. ती मुलगी त्यानंतरही वाचनालयात यायची, पण ‘आपा, काय वाचू?’ असं विचारायची बंद झाली. त्या मुलाचंही मी भलं केलं नाही. त्याच्या कवितांत चार ओळी खरंच चांगल्या होत्या, त्या मला पुढे सापडल्या. कुणीतरी नीट वाचून सांगितलं असतं की बाबा, या चार ओळींसारखं लिही, तर त्याला उपयोग झाला असता. सगळ्यांनी पाच दिल्यावर तो शिकणार कुठून?

दुसरी गोष्ट याच्या उलट. आपल्याच एका लेखकाची कादंबरी होती, एका मोहल्ल्यातल्या कुटुंबाची. बाप वारतो आणि चाळिसावा होण्याआधी भाऊ बहिणींना तलाठ्याकडे नेतात, हक्कसोड पत्रावर सह्या घ्यायला. ‘तुम्हाला माहेर हवंय ना?’ एवढंच म्हणतात. बहिणी सह्या करतात. घरी येऊन बिर्याणी शिजते, सगळे हसतात, बोलतात. मी ती कादंबरी एका रात्रीत वाचली. सकाळी दोन तारे दिले आणि लिहिलं, ‘समाजाचं एकांगी चित्रण. आधीच आपल्याबद्दल गैरसमज कमी आहेत का?’ खूप जणांनी तो रिव्ह्यू पसंत केला. एका काकांनी फोन करून शाबासकी दिली.

खरं काय होतं, ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. त्या हक्कसोड पत्रासारख्या पत्रावर मीही सही केली होती. त्या बहिणींचा जो वाटा होता तोच माझा होता, आणि माझ्याही घरी त्या दिवशी बिर्याणी शिजली होती. लेखकाने खोटं काही लिहिलं नव्हतं. ते इतकं खरं होतं की मला सोसलं नाही. मी त्याला दोन तारे दिले, कारण त्याने माझ्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली असं मला वाटलं. एका रात्रीत संपवलेल्या, झोप उडवलेल्या पुस्तकाला कुणी दोन तारे देतं का?

चार वर्षांनी मी ते रेटिंग बदललं. बदलताना पाच नाही दिले, चार दिले, कारण शेवटची पन्नास पानं खरंच घाईत उरकलेली आहेत. आणि जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं: ‘हे आमच्याकडे घडतं. मला माहीत आहे.’ त्याला फार कुणी पसंत केलं नाही. फोनही आला नाही. पण एका अनोळखी बाईने खाली लिहिलं, ‘मलाही माहीत आहे.’

म्हणून मी तुम्हाला म्हणते, आपल्या माणसाला दिलेले पाच आणि आपल्या माणसामुळे कापलेले तीन, दोन्ही एकाच जागेतून येतात. दोन्ही वेळा आपण पुस्तक बाजूला ठेवून ‘लोक काय म्हणतील’ याला रेटिंग देत असतो.

मग ठरवायचं कसं?

मी आता काय करते ते सांगते. तुम्ही तुमची पद्धत बनवा.

एक, वाचलेल्यालाच तारा. अर्धवट सोडलं असेल तर तारा न देता लिहा, ‘ऐंशी पानांनंतर सोडलं, कारण हे.’ तेही वाचणाऱ्याला उपयोगी पडतं.

दोन, स्वतःची मोजपट्टी वहीत लिहून ठेवा. माझी अशी आहे. पाच म्हणजे पुन्हा वाचेन आणि विकत घेऊन भेट देईन. चार म्हणजे दुसऱ्याला आग्रहाने सांगेन. तीन म्हणजे वाचल्याचं समाधान आहे. दोन म्हणजे काही पानं चांगली, बाकीच्यांनी कंटाळा आणला. एक म्हणजे पुस्तकाने वाचकाची फसवणूक केली. पाच तारे फार कमी वेळा देते, त्यामुळे मी पाच दिले की माझ्या ओळखीचे लोक विचारतात, ‘कुठलं हो?’

तीन, पुस्तकाला काय करायचं होतं ते आधी बघा. लहान मुलांच्या गोष्टीत तत्त्वज्ञान नाही म्हणून तारा कापू नका. विनोदी पुस्तकाने हसवलं का, एवढंच विचारा. आणि ‘वाईट आहे’ आणि ‘माझ्यासाठी नाही’ यांत फरक करा. मला युद्धकथा आवडत नाहीत, हा युद्धकथेचा दोष नाही.

चार, एक रात्र जाऊ द्या. शेवटचं पान वाचून डोळे पुसत दिलेले पाच आणि चिडून दिलेला एक, दोन्ही सकाळी पुन्हा बघा. आधी स्वतःचा आकडा वहीत लिहा, नंतरच इतरांची सरासरी उघडा.

पाच, ताऱ्यासोबत एक तरी वाक्य लिहा. नुसता आकडा ही कुजबुज आहे, तिला कुणी प्रश्न विचारू शकत नाही. कारण लिहिलंत की समोरचा तुमच्याशी वाद घालू शकतो. लेखक मित्र असेल तर तेही लिहा, ‘लेखक माझा मित्र आहे.’ वाचणारा त्याप्रमाणे समजून घेईल.

सहा, नाव बदलून बघा. हेच पुस्तक अनोळखी माणसाने लिहिलं असतं तर मी एवढेच दिले असते का? हीच गोष्ट दुसऱ्या समाजातल्या घराची असती तर मला ‘धाडसी’ वाटली असती का? उत्तर वेगळं आलं, तर तुमचा तारा पुस्तकाला जात नाहीये.

मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्या एकाने मला विचारलं, ‘आपा, पण एखाद्या पुस्तकात खरंच आपल्याबद्दल खोटं, विषारी लिहिलेलं असेल तर? तिथेही शांतपणे तारे मोजायचे?’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं. ते पुस्तक वाचा. मग बेधडक एक तारा द्या. पण पान क्रमांक लिहा. या पानावर हे म्हटलंय, ते चुकीचं आहे, खरी माहिती ही आहे. न वाचता दिलेले शंभर एक-तारे लेखकाला हवेच असतात, ‘बघा, यांना टीका सहन होत नाही’ असं म्हणायला. पान क्रमांक घालून लिहिलेल्या एका परीक्षणाला त्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि रेटिंग बदलायला लाजू नका. सोळाव्या वर्षी पाच दिलेलं पुस्तक तिसाव्या वर्षी तीनचं वाटेल. तुम्ही दोन्ही वेळा खरं बोललेले असाल. सोय दिलेली आहे, वापरा.

जाता जाता एक काम देते. तुमच्यातल्या प्रत्येकाने या महिन्यात असं एक मराठी पुस्तक वाचा, ज्याला दहापेक्षा कमी जणांनी तारे दिलेत. पूर्ण वाचा. मग जे वाटलं ते द्या, दोन वाटले तर दोन द्या, आणि खाली तीन-चार वाक्यं लिहा. कुणीतरी बारावीची मुलगी, कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, दोनशे रुपये मुठीत धरून ती वाक्यं वाचत असेल. उद्या ती तुमच्याकडे येऊन म्हणाली, ‘भाईजान, यातलं तुम्हाला काय आवडलं?’ तर तुमच्याकडे उत्तर असू द्या.

माझ्याकडे नव्हतं. म्हणून आज एवढं बोलले.